समोरासमोर पिस्टनचं डिझेल इंजिन: एका सिलिंडरच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

एकाच लायनरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या नळीत) तोंडाला तोंड लावून दोन पिस्टन, त्यांच्या मध्ये ज्वलन. हेड नाही, व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. दोन-स्ट्रोक डिझेल. चाचणीसाठी एका सिलिंडरचं इंजिन काढायचं आहे. मूळ मापं ठरली: बोअर (नळीचा आतला व्यास) ८० मिमी, प्रत्येक पिस्टनचा स्ट्रोक (एका बाजूची धाव) १०० मिमी, कनेक्टिंग रॉड केंद्रापासून केंद्रापर्यंत १९० मिमी, कमाल वेग १,८०० आरपीएम. एकूण घनफळ १,००५ सीसी.

हेड नसण्याचा फायदा आकड्यांत काढला. तुलनेला ८० × १०० चे दोन नेहमीचे सिलिंडर घेतले. कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते ते) १६ आणि दहनकक्ष सपाट चकतीसारखा धरला. नेहमीच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर आला की ३३.५ सीसी जागा उरते. तिच्याभोवती हेड, पिस्टन आणि भिंत मिळून ११७ चौ.सेमी धातू असतो, दोन सिलिंडर मिळून २३५. समोरासमोर रचनेत तेवढ्याच एकूण जागेला, म्हणजे ६७ सीसीला, १३४ चौ.सेमी धातू लागतो. ४३ टक्के कमी. वायू सर्वांत तापलेला असतो त्याच क्षणी उष्णता प्यायला पृष्ठभाग कमी मिळतो, हे या रचनेचं खरं भांडवल. पाण्यात जाणारी उष्णता घटते आणि रेडिएटर लहान चालतो.

दुसरा फायदा वेगाचा. एकूण स्ट्रोक बोअरच्या अडीचपट असूनही १,८०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ६ मीटरच राहतो. एकाच पिस्टनला २०० मिमी स्ट्रोक दिला असता तर तो १२ मीटर झाला असता.

७ जानेवारी

रचना निवडायची म्हणून झालेली इंजिनं समोर ठेवली. एकाच क्रँकवर काम भागवायचे दोन मार्ग आहेत. डॉक्सफर्डच्या जहाजी इंजिनात प्रत्येक सिलिंडरला क्रँकचे तीन थ्रो (रॉड जोडायचे बाहेर काढलेले हात) असतात: मधला खालच्या पिस्टनचा, बाजूचे दोन लांब रॉडनी वरच्या पिस्टनला जोडलेले. कॉमर टीएस३ या ट्रकच्या इंजिनात ३ सिलिंडर आणि ६ पिस्टन आडवे, आणि दोन्ही बाजूंच्या रॉकरमधून बळ खालच्या एका क्रँकवर येतं. ३.२६ लिटरला १०५ अश्वशक्ती, २,४०० आरपीएमवर. आटोपशीर रचना आहे, पण रॉकर, त्याच्या पिना आणि बुश मिळून झिजणाऱ्या जागा वाढतात.

दोन क्रँकवाल्यांत युंकर्स युमो २०५: ६ सिलिंडर, १२ पिस्टन, बोअर १०५, स्ट्रोक १६० चे दोन, विमानासाठी. फेअरबँक्स-मॉर्स ३८डी८-१/८: बोअर सव्वाआठ नव्हे, आठ पूर्णांक एक अष्टमांश इंच, स्ट्रोक १० इंचांचे दोन, पाणबुड्या आणि रेल्वे इंजिनांत. खारकिव्हचं ५टीडीएफ: ५ सिलिंडर आडवे झोपवलेले, १३.६ लिटर, २,८०० आरपीएमला ७०० अश्वशक्ती, टी-६४ रणगाड्यात. तिथे बुटकेपणाला सर्वांत जास्त किंमत होती. नेपिअर डेल्टिकमध्ये तीन क्रँक त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर, १८ सिलिंडर, ३६ पिस्टन.

आपल्याला दोन क्रँक आणि गिअरची माळ. कारण एकच: दोन क्रँकमधला कोन बदलून पाहता आला पाहिजे. ते रॉकरच्या रचनेत सहज जमत नाही.

१२ जानेवारी

आजचा दिवस त्या कोनाचाच. या इंजिनाचं बहुतेक सगळं बरं-वाईट तिथे ठरतं, म्हणून हिशेब सविस्तर लिहून ठेवतो.

लायनरच्या एका टोकाला एक्झॉस्ट पोर्टं (धूर जायची भोकं), दुसऱ्या टोकाला हवेची पोर्टं. पिस्टन स्वतःच ती उघडतो आणि झाकतो. हवा एका टोकाने शिरते, धूर दुसऱ्या टोकाने जातो, मधे कुठे वळण नाही. यामुळे दोन-स्ट्रोकमधलं सर्वांत स्वच्छ स्कॅव्हेंजिंग, म्हणजे ताज्या हवेने धूर ढकलून काढणं, मिळतं. अडचण अशी की पिस्टनने झाकलेलं पोर्ट बाहेरच्या डेड सेंटरच्या (पिस्टन धावेच्या टोकाला पोहोचून उलटतो त्या जागेच्या) दोन्ही बाजूंना सारख्याच अंशांवर उघडतं आणि मिटतं. आपल्याला मात्र एक्झॉस्ट आधी उघडायला हवं आणि आधीच मिटायलाही हवं.

एक्झॉस्ट पोर्टची उंची २४ मिमी धरली. ते बाहेरच्या डेड सेंटरच्या आधी ६६ अंशांवर उघडतं, म्हणजे स्वतःच्या क्रँकच्या ११४ ते २४६ अंशांपर्यंत उघडं. हवेच्या पोर्टची उंची १८ मिमी: ५७ अंश, म्हणजे १२३ ते २३७.

दोन्ही क्रँक जुळवून ठेवले तर धूर बाहेर पडायला हवेच्या आधी फक्त ९ अंश मिळतात. तेवढ्यात दाब उतरत नाही आणि धूर हवेच्या पेटीत घुसतो. शेवटी हवेचं पोर्ट मिटल्यावरही एक्झॉस्ट आणखी ९ अंश उघडं राहतं आणि भरलेली हवा तिकडून निसटते. आता एक्झॉस्ट क्रँक १२ अंश पुढे केला. हवेच्या क्रँकच्या मापाने एक्झॉस्ट १०२ वर उघडतं आणि २३४ वर मिटतं. आधी २१ अंश मोकळे मिळाले. शेवटी एक्झॉस्ट मिटल्यावर ३ अंश हवा आत येतच राहते, म्हणजे ब्लोअरच्या (हवा ढकलणाऱ्या यंत्राच्या) दाबाने सिलिंडर भरून घेता येतो. व्हॉल्व्हशिवाय, निव्वळ कोनातून.

जुन्या इंजिनांत हा कोन युमो २०५ ला ११ अंश, फेअरबँक्स-मॉर्सला १२, डेल्टिकला २० आहे. आपल्या पोर्टांच्या उंचीला २० दिला तर एक्झॉस्ट ९४ वरच उघडेल आणि प्रसरणाचं काम धुराबरोबर जाईल. तेवढ्या कोनाला पोर्टं नव्याने मांडावी लागतात. सुरुवात १२ ने.

१३ जानेवारी

कॉम्प्रेशन रेशो. मिटल्यावर अडकलेल्या हवेवरून मोजायचा, पूर्ण स्ट्रोकवरून नाही. नाहीतर आकडा फुगतो आणि इंजिन थंडीत सुरू होत नाही. हवेचं पोर्ट मिटताना दोन पिस्टनना मिळून आणखी १५५ मिमी जवळ यायचं असतं: ७७९ सीसी. रेशो १६ हवा तर उरलेली जागा ५१.९ सीसी. पिस्टनच्या सपाट कडांमध्ये २ मिमी फट ठेवली, तिचे १० सीसी, बाकी ४१.९ दोन्ही पिस्टनच्या वाट्यांत निम्मे-निम्मे.

लक्षात ठेवायचं: कोन असल्यामुळे दोन्ही पिस्टन एकाच वेळी आतल्या डेड सेंटरला कधीच नसतात. घनफळ किमान असताना एक ६ अंश पुढे, दुसरा ६ अंश मागे. प्रत्येक जण ०.३५ मिमी मागे राहतो. कोन १२ वरून १० केला तर हीच फट थोडी मिटते आणि रेशो १६ वरून १६.५ होतो. कोन बदलून केलेल्या दोन चाचण्यांची तुलना करताना हा फरक वजा केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

२० जानेवारी

पिस्टनच्या पहिल्या ड्रॉइंगमध्ये चूक सापडली. चार-स्ट्रोक इंजिनाच्या सवयीने लांबी ९६ मिमी धरली होती. पिस्टन आत १०० मिमी जातो, म्हणजे आतल्या टोकाला स्कर्टची (पिस्टनच्या खालच्या भिंतीची) खालची कड पोर्टच्या बाहेरच्या कडेपासून ४ मिमी आत सरकते आणि पोर्ट थेट क्रँककेसमध्ये उघडतं. प्रत्येक फेऱ्यात सुमारे ४० अंश. एक्झॉस्टच्या बाजूला धूर क्रँककेसमध्ये जाऊन तेल काळं होईल. हवेच्या बाजूला प्रकरण जास्त गंभीर: क्रँककेसमधली तेलाची वाफ हवेच्या पेटीत येईल, आणि डिझेल इंजिन ती इंधन म्हणून जाळतं. पंप बंद केला तरी इंजिन थांबत नाही, वेग वाढतच जातो.

नवं माप: पिस्टन १३० मिमी लांब, गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी) माथ्यापासून ७० वर, तेलाच्या दोन रिंगा अगदी खाली, ११० आणि १२० वर. त्या पोर्टवरून कधीच जात नाहीत. कॉम्प्रेशनच्या चार रिंगा वर. शिवाय हवेच्या पाइपवर हाताने पडणारा आपत्कालीन झडपेचा दरवाजा बसवायचा. इंजिन निसटलं तर थांबवायचा खात्रीचा उपाय हवा तोडणं हाच.

लांब पिस्टनची किंमत लायनरला मोजावी लागते. लायनर ४५६ मिमी झाला आणि त्याची टोकं क्रँकच्या केंद्रापासून सुमारे ८३ मिमीवर आली, तर बिग एंडची (रॉडच्या क्रँककडच्या टोकाची) बाहेरची कड ८५ पर्यंत येते. लायनरच्या टोकांना १२ मिमी खोल खाचा. काउंटरवेटची त्रिज्या ७२ वर आणली.

२७ जानेवारी

लायनर. हवेची १२ पोर्टं, प्रत्येकी १४ मिमी रुंद, मधल्या पट्ट्या ६.९ मिमी. हवेला गोल फिरवण्यासाठी ती त्रिज्येपासून १५ अंश तिरपी. एक्झॉस्टची १०, प्रत्येकी १६ मिमी रुंद, पट्ट्या ९.१ मिमी. एक्झॉस्टची पट्टी मुद्दाम जाड. तिच्या दोन्ही बाजूंनी धूर वाहतो, थंड व्हायला जागा नाही, आणि तापली की ती बोअरच्या आत फुगते. पिस्टन तिथेच ओरखडतो. म्हणून होनिंग (बोअर आतून बारीक घासणं) झाल्यावर प्रत्येक एक्झॉस्ट पट्टी ०.०५ मिमी आत घासून घ्यायची. थंड असताना ती बोअरपेक्षा किंचित मागे दिसली पाहिजे.

रिंगा पोर्टवरून जाताना बाहेर फुगतात आणि कडेला अडकल्या तर तुटतात. कडांना ०.५ मिमीची गोलाई, शिवाय पोर्टच्या वरच्या-खालच्या कडा सरळ न ठेवता कमानदार. रिंग एकदम अख्खी कडेवर येत नाही, मधून बाजूंकडे हळूहळू चढते. रिंगांना पिना लावून त्यांची फट कायम पट्टीवरच राहील असं केलं. फट पोर्टवर आली की रिंगेचं टोक आत शिरतं, आणि मग तुकडे सिलिंडरभर.

५ फेब्रुवारी

गिअरची माळ. दोन क्रँकमधलं अंतर ६२१.३ मिमी. मॉड्यूल (दात्याच्या आकाराचं माप) ३, क्रँकवर ६० दात्यांचे गिअर, मधे ७४ दात्यांचे दोन आयडलर (नुसती फिरती पुढे देणारे गिअर). सरळ रेषेत ही माळ ६२४ मिमी भरते, त्यामुळे दोन्ही आयडलर एका बाजूला २३.३ मिमी सरकवले. जागेवर नेमकी बसली. आयडलर दोन असल्याने क्रँक उलट-सुलट फिरतात.

६० दाते म्हणजे एक दाता ६ अंश. फक्त दाते सरकवून १०, ११, १२ असे कोन मिळत नाहीत. म्हणून हवेच्या क्रँकचा गिअर दोन भागांत: हब वेगळा, दात्यांचं कडं वेगळं, मधे बोल्टसाठी कमानदार खाचा, दोन्हीकडे ३ अंश. चाचणीचा कोन ठरला की भोक रीम करून १० मिमीचा डॉवेल (घट्ट बसणारी पिन) ठोकायचा. नुसत्या बोल्टच्या घर्षणावर विसंबू नये, टॉर्कच्या झटक्यांनी ते सरकतात.

प्रत्येक जोडीत बॅकलॅश (दात्यांमधली मोकळी फट) ०.०८ ते ०.१० मिमी. तीन जोड्यांचा मिळून जास्तीत जास्त ०.३ मिमी, म्हणजे क्रँकवर ०.२ अंशाच्या आसपास.

समतोलाचा हिशेब याच दिवशी. कोन शून्य असता तर दोन पिस्टनची धाव एकमेकांना पूर्ण फेडते. १२ अंशांमुळे एका पिस्टनच्या प्राथमिक बळाच्या २१ टक्के शिल्लक राहतं. हलतं वस्तुमान प्रत्येकी १.९ किलो धरून १,८०० आरपीएमला सुमारे ७०५ न्यूटन, आणि दुय्यम ३७० च्या जवळपास. एका सिलिंडरच्या इंजिनासाठी हे फारच सौम्य आहे. साधे रबरी पाय पुरतील.

११ फेब्रुवारी

टॉर्क कुठून घ्यायचा? पुढे असलेल्या क्रँककडूनच. ज्वलनाचा दाब शिखरावर असतो तेव्हा एक्झॉस्ट क्रँक डेड सेंटर ओलांडून पुढे गेलेला असतो, त्याला तरफ जास्त मिळते. मागचा क्रँक तेव्हा अजून दाबण्याच्या कामात असतो. फेअरबँक्स-मॉर्समध्ये १२ अंशांवर खालचा, म्हणजे पुढे असलेला एक्झॉस्टचा क्रँक सुमारे ७२ टक्के काम देतो, वरचा २८. आपलं फ्लायव्हील एक्झॉस्ट क्रँकवर ठेवलं तर गिअरमधून फक्त लहान वाटा जातो. उलट केलं तर मोठा वाटा दात्यांवरून जाईल, विनाकारण.

डेल्टिकने हा प्रश्न मुळातच मिटवला होता: तिन्ही क्रँकच्या प्रत्येक पिनवर एक हवेचा आणि एक एक्झॉस्टचा पिस्टन, म्हणून तिन्हींवर वाटा सारखा. याहून देखणी मांडणी या प्रकारात दुसरी नाही.

मागच्या क्रँकचा टॉर्क कॉम्प्रेशनच्या शेवटी उलटतो आणि दाते दुसऱ्या बाजूवर आदळतात. मंद वेगाला होणारी खडखड त्याचीच असते. म्हणून हवेच्या क्रँकवरही लहान फ्लायव्हील.

१८ फेब्रुवारी

स्मॉल एंड, म्हणजे रॉडचं पिस्टनकडचं टोक. दोन-स्ट्रोक इंजिनांत हीच जागा आधी जळते, आणि कारण सरळ आहे. चार-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टच्या शेवटी पिस्टन रॉडला ओढतो, पिन बुशच्या दुसऱ्या बाजूला टेकते आणि मधे तेल शिरतं. इथे प्रत्येक फेऱ्यात कॉम्प्रेशन असतं. हिशेबाने कॉम्प्रेशनच्या शेवटी ५३ बार, म्हणजे पिस्टनवर २६.५ किलोन्यूटन, उलट ओढणारं जडत्वाचं बळ ४.३ किलोन्यूटन. पिन एकाच बाजूला दाबलेली राहते, तेलाला फट मिळतच नाही.

उपाय: रॉडमधून आरपार तेलाचं भोक, आणि बुशच्या भार घेणाऱ्या बाजूला आडव्या खाचा. त्यांचं अंतर डोळ्यांनी ठरवायचं नाही. रॉड दोन्हीकडे १५.३ अंश झुलतो, पिन ३२ मिमी, म्हणजे पिनच्या पृष्ठभागावरची धाव ८.५ मिमी. खाचांमधलं अंतर याहून कमी हवं, नाहीतर मधली पट्टी कायम कोरडी राहते. ७ मिमी ठेवलं. तेलाचा दाब स्मॉल एंडपर्यंत पोहोचतो की नाही हे जोडणीआधी हातपंपाने पाहायचं.

२६ फेब्रुवारी

इंजेक्टर लायनरच्या मधोमध, समोरासमोर दोन. हेड नाही, त्यामुळे मध्यावरून फवारा मारायची सोय नाही. भिंतीतून आत मारावा लागतो. धार दोन पिस्टनच्या मधल्या चपट्या जागेत पसरली पाहिजे, समोरच्या भिंतीवर पोहोचता कामा नये. भिंतीवर पडलेलं डिझेल तेल धुऊन नेतं. नोझलला तीन भोकं, पंख्यासारखी एकाच पातळीत, आणि दोन्ही पिस्टनच्या कडेला फवाऱ्यासाठी खोबणी.

पंप क्रँकच्याच वेगाने चालवायचा. चार-स्ट्रोकचा पंप त्याच्या जुन्या गिअरसह घेतला तर एकाआड एक फेऱ्यातच इंधन पडेल. मात्रा: ६ बार सरासरी दाबाला १८ किलोवॅट, खप ताशी प्रतिकिलोवॅट २४० ग्रॅम धरला तर प्रत्येक फेऱ्याला ४० मिलिग्रॅम. दोन इंजेक्टरांत प्रत्येकी २४ घनमिमी.

इंजेक्टरची नळी पाण्याच्या जागेतून जाते. तिचं सील आणि लायनरची सीलं ही या इंजिनांची जुनी दुखरी जागा. चीफ्टन रणगाड्यातलं लेलँड एल६० पाणी गळतीसाठी बदनाम होतं. आपण तांब्याची बाही आणि दोन ओ-रिंगांच्या मधे बाहेर उघडणारं टेहळणीचं भोक ठेवलं. पहिली ओ-रिंग गेली की थेंब बाहेर दिसतो, सिलिंडरमध्ये पाणी जायच्या आधी.

४ मार्च

ब्लोअर. हे इंजिन स्वतः हवा ओढत नाही, ब्लोअरशिवाय सुरूच होत नाही. घनफळाच्या १.४ पट हवा धरली तर १,८०० आरपीएमला मिनिटाला २.५ घनमीटर. ०.२५ बारला रूट्स ब्लोअर, कार्यक्षमता ०.६ धरून सुमारे १.८ किलोवॅट खातो. १८ मधले १.८ म्हणजे दहावा हिस्सा. फायद्यांच्या यादीत हा खर्च मांडल्याशिवाय ती यादी प्रामाणिक नाही. चाचणीत ब्लोअर वेगळ्या मोटरवर, वेग कमी-जास्त करता येईल असा, म्हणजे दाब आणि इंजिनाचा वेग वेगवेगळे ठरवता येतील. निष्कर्षात ती वीज मात्र इंजिनाच्या नावावर लिहायची.

१५ मार्च

जोडणी. ज्वलनाचा दाब १३० बार धरला तर प्रत्येक पिस्टनवर ६५ किलोन्यूटन, आणि दोन्ही क्रँक एकमेकांपासून दूर ढकलले जातात. हा ताण ओतीव ब्लॉकला न देता एका मेन बेअरिंग कॅपपासून दुसऱ्यापर्यंत जाणाऱ्या एम१६ च्या चार लांब बोल्टना दिला. ७५० मिमी लांबी, मधली दांडी १४ मिमी. प्रत्येकी ७८ किलोन्यूटन पूर्वताण, आणि तो टॉर्क रेंचने नव्हे, लांबी मोजून: १.८५ मिमी ताणलं की पुरे.

क्रँकचं डेड सेंटर प्रत्येकाचं वेगळं काढलं, समोरचा पिस्टन न बसवता, मोकळ्या बाजूने डायल गेज घालून. डेड सेंटरवर काटा पाहून खूण करायची नाही: तिथे एक अंश म्हणजे फक्त ०.०१ मिमी. दोन्ही बाजूंना १० मिमी खाली खुणा करून मधला बिंदू घेतला.

टायमिंगची खूण फ्लायव्हीलवर एक्झॉस्ट क्रँकच्या डेड सेंटरला मारली होती आणि इंजेक्शनही तिथूनच मोजायचं लिहिलं होतं. चुकीचं. घनफळ किमान होतं ते त्याच्या ६ अंश पुढे. जुन्या खुणेवरून १५ अंश आधी लावलं तर प्रत्यक्षात २१ अंश आधी पडेल, आणि ठोके रॉडपर्यंत ऐकू येतील. जुनी खूण घासून काढली, ६ अंशांवर नवी मारली, बाजूला 'किमान' असं कोरलं.

फट तपासायला ३ मिमीची मऊ सोल्डर तार ग्रीसने माथ्याच्या कडेवर चार ठिकाणी चिकटवली आणि हाताने एक फेरा. चारही ठिकाणी २ मिमीच्या आत-बाहेर ०.०५. वाट्या ब्युरेटने मोजल्या, रॉकेल भरून.

२२ मार्च

इंधनाशिवाय मोटरने फिरवलं, आधी २००, मग ६०० आरपीएम. एक्झॉस्टच्या पेटीत अर्ध्या तासात तेल साचलं. तेलाच्या रिंगा नव्या लायनरवर अजून बसलेल्या नाहीत, हे एक कारण. पण हवेच्या बाजूची पेटी कोरडी आणि फक्त एक्झॉस्टची ओली, त्यामुळे त्या बाजूचा पिस्टन बाहेर काढला. खालच्या रिंगेखालची तेल परत जायची भोकं तिरपी पडून अर्धी झाकली गेली होती. पुन्हा ड्रिल केली, कडा साफ केल्या. हे तेल तसंच राहिलं असतं तर गरम झाल्यावर पोर्टांत कोळसा धरून त्यांची रुंदी खाल्ली असती, आणि १२ जानेवारीचा सगळा हिशेब बिघडला असता.

एक्झॉस्ट पट्ट्यांवर ओरखडा नाही. रिंगांची टोकं पट्टीवरच आहेत. स्मॉल एंडचा बुश सगळीकडे ओला, खाचांमधल्या पट्ट्यांवर पिनची सारखी चमक.

पुढची फेरी इंधनासह, १२ अंशांवर, ८०० आरपीएम, चौथाई भार. हवेच्या झडपेशी एक माणूस कायम उभा.